म्हणणं पाडणारं उदाहरण

माझी जीभ लहानपणापासून तिखट. आई म्हणायची, हिला नवरा मिळायचा तर मुकाच मिळायला हवा. मिळाला तो चांगला बोलका मिळाला, पण त्याचं स्टेशनरीचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी येतो तेव्हा त्याच्यात उलटून बोलायचं त्राण नसतं, म्हणून आमचं निभतं. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तर्काचे प्रश्न शिकवते. अंबाजोगाईत, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली पत्रा कापायला घेतला की मी वर ओरडून शिकवते. मुलं म्हणतात, मॅडमचा आवाज पत्र्याला भारी आहे.

तर्काच्या पेपरात दहा तऱ्हेचे प्रश्न येतात, पण माझा जीव एकाच तऱ्हेत. वर चार ओळींचा उतारा असतो, त्यात कुणीतरी काहीतरी सिद्ध केल्याचा आव आणलेला असतो. खाली विचारतात, पुढीलपैकी कोणतं विधान हा युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत करतं? मुलं इथं हमखास गचकतात. त्यांना वाटतं समोरच्याला खोटं पाडायचंय. अरे बाबांनो, खोटं पाडायचं नसतं. तो न बोलता काय धरून चाललाय ते शोधायचं आणि नेमकं तिथंच बोट लावायचं. आणि एक लक्षात ठेवायचं, म्हणणं कमकुवत झालं म्हणजे ते खोटं ठरलं असं नाही. हे वाक्य मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन.

नवीन बॅच आली की पहिला प्रश्न मी चहाचा घालायचे. बसस्टँडवर दोन चहाची दुकानं आहेत. एकासमोर कायम गर्दी, दुसरं ओस. म्हणून पहिल्याचा चहा चांगला. पाडा हे म्हणणं. बहुतेक मुलं सांगायची, मॅडम, दुसऱ्याचा चहापण चांगला असतो. मग मी डोक्याला हात लावायचे आणि वर्ग हसायचा.

चार वर्षांपूर्वी कोपऱ्यातल्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "गर्दी चहाला न्हाई, सावलीला असंल. त्या दुकानापुढं लिंबाचं झाड असंल."

मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं मी हा प्रश्न विचारत होते, झाड कुणी लावलं नव्हतं. उत्तर म्हणून माझ्याजवळ बसचा थांबा होता, म्हणजे गर्दी बसची वाट बघणाऱ्यांची, आणि तिचं झाड माझ्या थांब्यापेक्षा बरं होतं. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडी मिरचीपण झोंबली. पुढच्या बॅचपासून मी झाडाचंच उत्तर सांगू लागले, तिचं नाव न घेता.

ती युसूफ वडगावच्या पलीकडच्या एका खेड्यातली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की टोळीबरोबर निघायचे ते उन्हाळा लागल्यावर परत. ही अंबाजोगाईत दोन मुलींबरोबर खोली करून राहायची. स्वयंपाक, अभ्यास, आणि सकाळी एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम. वर्गात यायची, कोपऱ्यात बसायची, विचारलं तरच बोलायची. माझ्या विनोदावर सगळा वर्ग खिदळायचा तेव्हा ही वहीत डोकं घालून बसायची. मला वाटायचं, पोरगी हुशार आहे पण जरा शिष्ट आहे.

माझा विनोद म्हणजे काय, माझंच हसं. मी स्वतः ही राज्यसेवेची परीक्षा चार वेळा दिलीय. दोनदा मुलाखतीपर्यंत गेले आणि तिथून परत आले. तर्काच्या पेपरात मला कायम चढे मार्क, आणि अंतिम यादीत नाव नाही. लोक विचारायच्या आधी आपणच सांगून टाकलं की बरं असतं, म्हणून मी वर्गात रोज कुठल्या ना कुठल्या निमित्तानं ते आणायचे. अभ्यास करा रे, नाहीतर आयुष्यभर पत्र्याच्या आवाजात ओरडत बसाल. तहसीलदार व्हा, फौजदार व्हा, काहीच नाही जमलं तर चहाचं दुकान टाका, पण माझ्यासारखं होऊ नका. वर्ग हसायचा. मलाही बरं वाटायचं.

तर ही पोरगी तर्कात पुढं, बाकी विषयातही मागं नाही. तीन वर्षांत दोनदा पूर्वपरीक्षा थोडक्यासाठी गेली. मनातून मी तिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवून होते. ही माझ्या पुढं जाईल असं मला वाटायचं. हे वाटणं अगदी निर्मळ होतं असं मी कुणाला शपथेवर सांगणार नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी दुपारची बॅच सुटली आणि तिचे वडील जिना चढून आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. वाळका माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात सीताफळांची पिशवी. चपला जिन्यातच काढल्या. मी आत या म्हणाले तर आले आणि शेवटच्या बाकावर बसले. ती त्या दिवशी कामावरून सरळ खोलीवर गेली होती. तिला न सांगता आलो, असं ते पहिल्यांदा म्हणाले. मग म्हणाले, भांडायला नाही आलो.

मी पाणी दिलं. त्यांनी पिशवी माझ्या टेबलाखाली सरकवली आणि बोलायला सुरुवात केली. तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं. तलवाड्याकडचा मुलगा, निर्व्यसनी, त्याच्या भावाचा ट्रॅक्टर, माणसं ओळखीतली. याआधीही स्थळं आली होती. दर वेळी ते मुलीपुढं विषय काढायचे आणि दर वेळी हरायचे. टोळीतल्या सगळ्या पोरी अठराव्या-विसाव्या वर्षी नांदायला गेल्या आणि सुखात आहेत, असं ते म्हणाले, तर ती म्हणाली, अण्णा, ज्या सुखात न्हाईत त्या तुमाला येऊन सांगतील का? वय झालं की चांगली स्थळं येत नाहीत म्हणाले, तर म्हणाली, मग आता तीन वर्षं झाली तरी येतायत कशी? शेजारणीची पोरगी शिकूनही घरीच बसली म्हणाले, तर म्हणाली, ती शिकून बसली का लग्न होऊन बसली, ते आधी बघा.

मला हसू आवरेना. एकेक उत्तर माझ्या वर्गातलं होतं. नमुना कुठून घेतला ते तपासा. आधी काय झालं आणि नंतर काय, ते तपासा. तेही हसत होते. मी उसाच्या फडात दिवसभर डोकं लावून एक कारण शोधून काढतो, म्हणाले, आणि ही चहा गाळता गाळता ते पाडती. वकिलाला ऐकणार न्हाई असली बोलती. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. लेकीचं कौतुकच होतं, आणि त्या कौतुकाखाली दमलेपण होतं.

मी म्हणाले, मग अजून एक वर्ष द्या तिला. पोरगी होण्यासारखी आहे. ते मान हलवत राहिले. मग विचारलं, किती वर्षं, मॅडम? एक म्हणता म्हणता तीन झाली. आमी सहा महिने इथं नसतो. पोरगी एकली खोलीवर. फोन लागला न्हाई की हिची आई हातातला कोयता टाकून बसती. तुमी सांगा आकडा, मी तेवढं थांबतो.

मला आकडा सांगता येईना. चार वेळा परीक्षा दिलेली बाई मी, कुठल्या तोंडानं सांगणार? मी आपलं काहीतरी पुटपुटले, प्रयत्न केला पाहिजे वगैरे. तेव्हा त्यांनी टॉवेल काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, तिला तुमी शिकवलंय. आता मलाबी शिकवा. तिचं म्हणणं कसं पाडायचं, तेवढंच सांगा."

इथं मी उठून त्यांना नमस्कार करायला हवा होता आणि जिन्यापर्यंत पोचवून यायला हवं होतं. मी काय केलं? मी खडू घेतला. कर्म माझं. शिकवायला विचारलं की मला राहवतच नाही. चौथीतून शाळा सुटलेला माणूस माझ्या बाकावर बसून तर्क शिकवा म्हणत होता, आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं की यांना हे सोपं करून कसं सांगावं. शिकवणाऱ्याची हाव म्हणतात ती हीच. समोर कोण आहे आणि तो शिकून काय करणार आहे हे मी पाहिलंच नाही.

मी फळ्यावर तिचं म्हणणं लिहिलं. जो तर्कात हुशार, तो ही परीक्षा पास होतो. मी तर्कात हुशार आहे. म्हणून मी पास होईन. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. हेच म्हणते ना ती? ते म्हणाले, हेच म्हणती, अगदी हेच.

मग मी सांगितलं की पहिली गोष्ट, आवाज चढवायचा नाही. तू पास होणार नाहीस असं तर चुकूनही म्हणायचं नाही. ते शेवटचं वाक्य आहे, शेवटच्या वाक्याला हात लावायचा नसतो. तिचं सगळं वजन पहिल्या वाक्यावर आहे. म्हणून तिथं बघायचं. हे वाक्य जिथं लागू पडत नाही असं एक माणूस शोधायचं. तर्कात हुशार आहे, मेहनतही केलीय, आणि तरी पास झालेलं नाही. असं एक उदाहरण पुरतं. आणि ते लांबचं नको, तिच्या ओळखीतलं हवं, म्हणजे तिला झटकता येत नाही.

हे सगळं मी सांगितलं. हातवारे करून सांगितलं.

ते फळ्याकडं बराच वेळ बघत बसले. खाली पत्रा कापायचा थांबला होता. मग त्यांनी अगदी आदबीनं विचारलं, मॅडम, तुमी दिलती का ही परीक्षा? मी नेहमीच्या सवयीनं म्हणाले, दिली ना, चांगली चार वेळा दिली, म्हणून तर पोरांना सांगते माझ्यासारखं होऊ नका. आणि हसले. ते हसले नाहीत. उठले, फळ्याला नमस्कार केल्यासारखा हात लावला आणि जिना उतरून गेले. दिवसभर दुसऱ्यांच्या बोलण्यातली लपलेली गोष्ट शोधून दाखवणारी मी, मला स्वतःच्या नाकासमोरची दिसली नाही. मी फळा पुसला आणि पुढच्या बॅचची हजेरी घेतली.

सीताफळं कच्ची होती. घरी नेऊन तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. दोन-तीन दिवसांनी एकेक पिकायला लागलं. नवरा म्हणाला, बालाघाटातली दिसतात, लई गोड आहेत. आम्ही रोज जेवणानंतर एकेक खात होतो आणि ती मुलगी वर्गात येत नव्हती. पहिल्या दिवशी मला वाटलं बरं नसेल. मग वाटलं आईवडील निघायचे दिवस आहेत, गावी गेली असेल. डब्यातली सीताफळं संपली तेव्हा मी फोन लावला. तिच्या आईनं उचलला. मॅडम म्हटल्यावर ती माउली आनंदानं म्हणाली, सुपारी फुटली बघा पोरीची. तुळशीच्या लग्नाची वाट न बघता दिवाळीच्या आधीच लग्न उरकून घेतोय, म्हणजे नवरा-नवरी टोळीबरूबरच निघतील. तुमी यायचंच.

मी फोन ठेवला. उसात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला कुणी पुरतं धरत नाही, जोडी लागते. म्हणजे झाडाची सावली शोधून काढणारी माझी पोरगी आता कुणाच्या तरी कोयत्यातला अर्धा कोयता होणार होती. आणि एवढ्या वर्षांत जे तिच्या बापाला जमलं नाही ते मी एका दुपारी शिकवून मोकळी झाले होते.

नवऱ्याला सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, तू कशाला वाईट वाटून घेतेस? तू शिकवलं नसतंस तरी त्यानं लग्न लावलंच असतं. मी म्हणाले, तीन वर्षं लावलं नव्हतं. बघा, इथंही मी जिंकले. मला असं जिंकायचं नव्हतं, त्यानं आणखी एखादं कारण काढून मला गप्प करावं असं मनापासून वाटत होतं. पण तो पोळी तोडायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी बॅच बंद ठेवली आणि एसटीनं गेले. फाट्यावर उतरून गाव चालत. घरापुढं निघायची तयारी दिसत होती. पत्र्याची पेटी, गोणपाटात बांधलेली भांडी, भिंतीला टेकवलेले कोयते. बाप अंगणात बसून एका कोयत्याला नवा दांडा बसवत होता. मला बघितल्यावर तो माणूस कोयता टाकून उठला. घरात एकच खुर्ची होती, ती बाहेर आणून स्वतःच्या टॉवेलानं पुसली. शेजारच्या दोघा-तिघांना हाक मारली. म्हणाले, ह्या आमच्या पोरीच्या मॅडम. ह्यांनी मला शिकवलं.

मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. आणि ते कौतुकानं सांगत होते, अगदी वर्गात पाठ म्हणून दाखवावा तसं. आवाज चढवला नाही. तू पास होणार नाहीस असं म्हणालो नाही. जेवायला बसल्यावर हळूच विचारलं.

"म्हणलं, बाई, तुझ्या मॅडमपेक्षा तू हुशार हायस का? ती म्हणली, न्हाई. म्हणलं, मग त्या कावून पास झाल्या न्हाईत? पोरीनं हातातला घास ताटात ठेवला. पहिल्यांदाच गप बसली."

एवढं सांगून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते घाईघाईनं म्हणाले, मॅडम, तुमचा अपमान म्हणून न्हाई बरं. तुमीच म्हणलात ना, वळखीतलं माणूस पायजे. मी म्हणाले, हो, मीच म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ती मागच्या बाजूला भांडी घासत होती. मी गेले तर उठली, हात धुतले, बसायला पाट दिला. बोटात नवी अंगठी होती. मी आल्या आल्या सुरूच झाले. रस्ताभर तयारी करून आले होते ना. म्हणाले, अगं वेडे, एका उदाहरणानं काय होतं? कमकुवत होणं म्हणजे खोटं ठरणं नव्हे, हे मी तुला हजारदा शिकवलंय. माझं नाही झालं म्हणून तुझं होणार नाही असं कुठं आहे? माझ्या वेळी मार्गदर्शन नव्हतं, माझा भूगोल कच्चा होता, मुलाखतीत मी एका साहेबाशी वाद घातला. तुझी गोष्ट वेगळी. ऊठ, मी तुझ्या अण्णांशी बोलते, त्यांना पुढचं शिकवते.

तिनं मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाली, "मॅडम, एवढं तर मलाबी माहीत होतं. मी गप बसले ते त्यासाठी न्हाई."

मग कशासाठी, मी विचारलं.

ती भांड्यांकडं बघत सांगू लागली. तिला उत्तर सुचलं होतं. त्याच क्षणी सुचलं होतं. ती म्हणणार होती, अण्णा, मॅडम पास न्हाई झाल्या, पण त्यांचं वाईट काय झालं? स्वतःचं कमावतात. दिवसभर डोक्याचं काम करतात. इतकी पोरं त्यांच्याकडून शिकून जातात, रस्त्यात दिसल्या की माणसं थांबून बोलतात. मला परीक्षा न्हाई निघाली आणि मी मॅडमसारखी झाले, तरी मला चालंल. मला तर तेच पायजे.

ती थांबली. मी पाट जवळ ओढला.

"मग बोलली का नाहीस?"

"अण्णांनी इचारलं असतं, मॅडमला तसं वाटतं का? मग मी काय सांगणार होते? तुमी तर रोज वर्गात सांगता, काहीबी व्हा, माझ्यासारखं होऊ नका."

मी विनोद करत होते गं, असं म्हणायचं होतं, पण तो विनोद होता का? नव्हता. मला खरंच तसं वाटायचं, आणि खरंच वाटतं हे झाकायला मी हसत होते. पोरांनी ते हसण्यावारी नेलं. हिनं विधान म्हणून ऐकलं, जसं मीच ऐकायला शिकवलं होतं. दिलेलं विधान खरं धरून चालायचं, स्वतःच्या मनाचं त्यात घालायचं नाही. हेही माझंच वाक्य.

मी उठून पुढं गेले. शेजारी पांगले होते. तिचे अण्णा पुन्हा कोयत्याशी बसले होते. मी खुर्चीवर न बसता त्यांच्यासमोर ओट्यावर बसले आणि म्हणाले, मला तुम्हाला एक सांगायचंय. आणि सांगितलं. मी पास झाले नाही, पण माझं बरं चाललंय. मला माझं काम आवडतं. सकाळी जिना चढताना मला रोज बरं वाटतं. तुमची पोरगी माझ्यासारखी झाली तरी तिचं चांगलंच होईल. हे मी याआधी कुणापुढंच बोलले नव्हते, स्वतःपुढंसुद्धा नाही, आणि बोलता बोलता मला कळत होतं की हे खरं आहे.

त्यांनी सगळं ऐकलं. दांड्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, हे त्या दिवशी बोलला असता तर मी थांबलो असतो."

आता सुपारी फुटली होती. मुलाकडच्यांची टोळी ठरली होती, लग्नाची तिथी निघाली होती. चार माणसांत दिलेला शब्द मोडायचा म्हणजे त्या माणसानं गावात तोंड कसं दाखवायचं? हे त्यांनी सांगितलं नाही, मला सांगावं लागलं नाही. चहा आला. मी तो घेतला. तिनं फाट्यापर्यंत सोबत केली आणि वाटेत माझ्या वर्गातल्या बाकीच्या मुलींची चौकशी केली, कुणाचं काय चाललंय, अमकीचा भूगोल सुधारला का. मी अजून काही बोलेन अशी वाट बघत असावी, किंवा नसावी. एसटी आली तेव्हा तिनं वाकून पाया पडायला घेतलं आणि मी तिचे हात धरले, पडू दिलं नाही. मला पाया पडून घ्यायची लाज वाटली.

लग्नाला गेले. जरीची साडी नेसून गेले, अक्षता टाकल्या, जेवले. नवरा मुलगा खरंच बरा वाटला. टोळी निघाली तेव्हा गेले नाही.

वर्ग चालू आहे. खाली पत्रा कापतात, वर मी ओरडते. चहाच्या दुकानाचा प्रश्न मी आता घालत नाही. जुन्या मुलांनी नव्यांना सांगून ठेवलेलं असतं, म्हणून एखादा पोरगा मुद्दाम विचारतो, मॅडम, अभ्यास नाही केला तर काय होईल? सगळे माझ्या तोंडाकडं बघतात, हसायच्या तयारीत. मी म्हणते, पुढचा प्रश्न घ्या. त्यांचा थोडा हिरमोड होतो.

तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या बाकावर जाते. तिथं आता दुसरं कुणीतरी बसतं. तीन वर्षं मी ते वाक्य म्हणायचे आणि सगळा वर्ग हसायचा, आणि ती एकटी हसायची नाही. मला वाटायचं, तिला विनोद कळत नाही.